रविवारची कोंबडी आणि माळकरी आई

मागच्या महिन्यातला रविवार. सकाळी नेहमीसारखा पिशवी घेऊन कोंबडी आणायला बाहेर पडलो... सांगलीच्या विश्रामबागेत राहायला आल्यापासून हा नेम कधी चुकलेला नाही.

कोंबडीच्या बाबतीत मी जरा जास्तच चोखंदळ आहे. फ्रीजमधलं पॅकबंद चिकन मला चालत नाही. पिंजऱ्यातली कोंबडी बोट दाखवून निवडायची आणि समोर कापून घ्यायची... ताजं म्हणजे काय हे अख्ख्या सांगलीत मलाच कळतं, असं माझं मत. बायको म्हणते, तुमच्याकडं मतं किलोवर आहेत.

त्या दिवशी आधी काकड्या घेतल्या. तासगावजवळच्या आमच्या गावाहून आई चार दिवस राहायला आली होती, आणि तिला कोवळी काकडी फार आवडते. मग आमच्या नेहमीच्या कोंबडीवाल्या चाचांच्या दुकानात कोंबडी घेतली, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतली ती कोंबडी काकड्यांवर ठेवली आणि घरी आलो.

"पिशवीचा तळ ओला कसा?" सुनीतानं, म्हणजे बायकोनं, विचारलं. मी म्हणालो, काकड्यांवर पाणी मारतात ते लोक... विषय संपला.

आई माळकरी आहे. वडील गेल्यावर तिनं माळ घातली, त्याला आता पंधरा वर्षं झाली. आम्ही खातो त्याला तिची हरकत नाही, पण तिचं ताट वेगळं, वाटी वेगळी, विळीसुद्धा वेगळी. आम्ही रस्सा ओरपत होतो तेव्हा ती पलीकडं बसून भाकरी, वरण आणि स्वतः चिरलेली काकडी खात होती. नळाखाली एकदा धरलेली, आणि सालासकट... साल काढणं म्हणजे तिच्या मते शहरातली थेरं.

सोमवारी दुपारी तिला थंडी वाजून ताप आला. मग उलट्या, जुलाब... घरगुती सगळं करून झालं. मंगळवारी सकाळी ती बाथरूमच्या दाराशी बसलेली दिसली, उठताच येईना. मी उचललं तर इतकी हलकी लागली की मलाच भीती वाटली.

दवाखान्यात सलाईन लावलं. बीपी खाली गेलं होतं, किडनीवरही ताण आला होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वय बहात्तर आहे. दोन दिवस आपल्याला लक्ष ठेवावं लागेल."

मग त्यांनी विचारलं, रविवारी काय काय खाल्लं? इथंही मी हुशारी केलीच. घरात कोंबडी होती, पण आई माळकरी आहे, तिचा संबंधच नाही... आणि खाणारे आम्ही सगळे ठणठणीत आहोत.

"कोंबडी कुठून आणली? आणि कशातून आणली?"

कशातून... हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. म्हणजे, पिशवीच्या ओल्या तळाबद्दल सुनीतानं विचारलं होतं.

एकाच पिशवीतून, आईनं खाल्लेल्या काकड्यांवर ठेवून, असं मी सांगितलं आणि मॅडमनी शांतपणे समजावलं. कोंबडी दिसायला धडधाकट असली तरी तिच्या आतड्यात, पिसांवर, विष्ठेत जंतू असू शकतात. एकावर एक पिंजरे, सगळ्यांना तोच ओंडका, तोच सुरा, तेच बादलीतलं पाणी... कापताना ते जंतू मांसाला लागतात. "शिजवल्यावर मरतात, म्हणून तुम्ही ठणठणीत. पण काकडी कोण शिजवतं?"

पिशवीच्या तळाचं पाणी गुलाबीसर होतं, हे मला तेव्हा आठवलं. सुनीताही म्हणाली, तिनं काकडीच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या आणि सोमवारी तिच्याही पोटात कळा येऊन गेल्या होत्या. आईनं पंधरा वर्षं ताट, वाटी, विळी वेगळी सांभाळली... आणि मी सगळं एका पिशवीतून घरी आणलं.

पुढं तपासणीत जंतू सापडले. ते काकडीतूनच गेले असं शंभर टक्के सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. मला मात्र शंका उरली नव्हती.

बुधवारी दुपारी ताप उतरला. गुरुवारी सकाळी मी कॉटशेजारी पेंगत होतो, तेवढ्यात आवाज आला, "आरं, हितं च्या मिळतो का न्हाई? का नुसतं नळीतनं पानीच घालत्यात?"

मी वॉर्डमध्ये सगळ्यांसमोर रडलो. मग तिला पिशवीचं सगळं सांगितलं, आणि म्हणालो, आजपासून घरात कोंबडी बंद.

"गप रं. माळ मी घातलीया, तू कशाला उपाशी ऱ्हातूस? नीट आनायला शिक की."

आई घरी आल्यावर चाचांकडं गेलो. खरं तर भांडायलाच गेलो होतो, पण त्यांनी आधी आईची चौकशी केली आणि मग मलाच झापलं. "आवं, दर रविवारी सांगतो न्हाई का, भाजीच्या पिशवीत घालू नका म्हनून? आमच्या घरात कोंबडीचा डबा येगळाच हाय."

सांगत होते खरे... मीच कधी मनावर घेतलं नाही. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या कोंबड्यांवर पडतेय, हेही त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी तिथं फक्त बोट दाखवत होतो. आता ओंडका आणि सुरा धुवायला लावतो, चाचा कुरकुरत का होईना धुतात.

परवाच्या रविवारी निघालो, तर अजून आमच्याकडंच असलेल्या आईनं झाकणाचा, कडीचा स्टीलचा डबा पुढं केला. तिचा स्वतःचा, गावाहून येताना ताक आणते तो. "ह्यो ने. आता परत माझ्याकडं देऊ नगंस." पंधरा वर्षं कोंबडीपासून लांब ठेवलेल्या भांड्यांतलं एक तिनं कोंबडीसाठीच देऊन टाकलं.

परत आलो तर दारातच उभी. "हात धू." धुतले. "साबन लावला का?" परत धुतले.

एरवी मी नक्की हुज्जत घातली असती... त्या दिवशी नळाखाली हात धरून गुपचूप उभा राहिलो, आणि मागून येणारा तिचा खणखणीत आवाज ऐकत राहिलो.