शिडाचा दोर आणि साक्षगंधातला पायजमा

ज्या दोराने उभा ट्रक ओढता येतो, त्या दोराने माझ्या वडिलांचा पायजमा कमरेवर ठेवता येत नाही, हे मी प्रयोगाने सिद्ध केले आहे. प्रयोग माझा, पायजमा बाबांचा आणि प्रयोगशाळा म्हणजे मनीषनगरातले मंगल कार्यालय. त्या दिवशी तिथे माझ्या चुलतभावाचे साक्षगंध होते, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

आधी दोराविषयी. मी पॉलिमर विज्ञान शिकले आहे आणि सुटीच्या दिवशी तलावावर शिडाची छोटी नाव चालवते. (नागपुरात समुद्र नाही, ही माहिती मला प्रत्येक नातेवाइकाने स्वतंत्रपणे दिलेली आहे.) शिडाचा कोपरा दांडीला जखडण्यासाठी मी एक दोर मागवला होता. पांढरा, मऊ, नाडीइतका बारीक आणि तारेपेक्षा मजबूत! दोष एकच. तो इतका गुळगुळीत असतो की त्याला मारलेली गाठ सरकून सुटते. म्हणून गाठ मारायचीच नाही. दोर आतून पोकळ विणलेला असतो. त्याचे टोक त्याच्याच पोटात ओवायचे. ओढले की वीण आवळते आणि आतले टोक पकडून ठेवते. जितके ओढाल तितके घट्ट!

ओवण्याची खास सुई माझ्याकडे नव्हती. साक्षगंधाच्या सकाळी मी आईची नाडी ओवायची पिन वापरली आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीसाठी सराव करून, पिनेसकट दोर टेबलावर ठेवला. शेजारी आई बाबांच्या नव्या पायजम्याला इस्त्री करत होती.

कार्यालयात विधी सुरू व्हायच्या बेतात असताना खांबामागून बाबांचा आवाज आला.

“पोरी, इकडे ये वं! पायजमा उतरून राहिला!”

“गाठ मारा ना, बाबा.”

“चार मारल्या! चारही सुटल्या. कसे नाडे विकून राहिले आजकाल!”

मी वाकून पाहिले आणि ओरडलेच. “ही नाडी नाही, हा माझा शिडाचा दोर आहे!”

“शिडीचा? मले शिडी कायले लागते?”

“शिडीचा नाही, शिडाचा! नावेचा!”

“कोणाच्या नावाचा?”

एवढ्यात आई आली. मी विचारले, “माझा दोर पायजम्यात का ओवलास?”

“त्याले पिन लावून होती! पिन लावली म्हणजे नाडाच ना? मले वाटलं, माही पोरगी बापाच्या पायजम्याची फिकर करून राहिली. किती बरं वाटलं मले!”

या युक्तिवादात मला आजही चूक सापडलेली नाही.

पेच गंभीर होता. घरातले थोरले म्हणून व्याह्यांना टिळा बाबांनीच लावायचा. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने टिळा. पायजम्यासाठी तिसऱ्या हाताची तरतूद नव्हती!

“याचा घर्षणगुणांक फार कमी असतो, त्यामुळे…”

“गुणांक मरू दे! व्याही उभे राहिले तिकडे!”

मी आईच्या पदराची सेफ्टी पिन काढली आणि दोराचे एक टोक दुसऱ्याच्या पोकळीत लांबवर ओवून जोड पक्का केला. बाबांनी उडी मारून पाहिली. पायजमा जागचा हलला नाही! टिळा झाला, फोटो झाले. मी जेवणभर स्वतःवर खूश होते.

बाबाही जेवले. पाटवडी जेवले, वडाभात जेवले, गुलाबजाम जेवले. मग लगबगीने बाथरूमकडे गेले आणि दुप्पट लगबगीने परतले.

“हे सुटत नाही राहिलं!”

“ओढू नका! ओढलं की आवळतं.”

“मंग काय ढकलू?”

“हो!” (हेच शास्त्रीय उत्तर आहे.) “पोट आत घ्या, म्हणजे दोर सैल पडेल.”

“आत जागा कुठं हाय? आत वडाभात हाय!”

आईने आचाऱ्याची कात्री आणली. कात्रीने दोर नुसता चघळला.

“दोर नका कापू!” मी कळवळले. “दुसरा नाही माझ्याकडे, आणि उद्या शर्यत आहे!”

“माही शर्यत आज हाय!” बाबा एका पायावर नाचत म्हणाले.

“मग पायजमा कापा!”

“नवा हाय तो!” आता आई कळवळली.

शेवटी पायजमा गेला. कुर्ता लांब होता, ही त्या दुपारची एकमेव चांगली बातमी. बाबा घरी येईपर्यंत तो दोर करदोट्यासारखा मिरवत होते. संध्याकाळी पोट उतरल्यावर मी वीण मागे ढकलली आणि टोक अलगद बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी तोच दोर, तोच जोड, आणि काठावर ‘आपला नाडा’ पाहायला आलेले बाबा. शर्यत सुरू झाली. वारा लहरी होता. शीड ताणले जाई, फडफडे, पुन्हा ताणले जाई. पहिल्याच वळणावर टोक दोराच्या पोटातून निमूट बाहेर आले, शिडाचा कोपरा सुटला आणि माझी नाव जागच्या जागी गोल फिरू लागली.

काठावरून खणखणीत आवाज आला, “काहून सुटलं वं? काल तर सुटून नव्हतं राहिलं!”

सर्वांत शेवटी काठाला लागेपर्यंत मी कारणमीमांसा पूर्ण केली होती. जोडाला सतत ताण हवा असतो. सैल पडला की तो सरकतो. तेव्हा नाव योग्य होती, दोर योग्य होता, माझे कौशल्यही योग्य होते. नावेवर फक्त जेवलेल्या बाबांचे पोट बसवायचे राहून गेले होते.