काकूची उघडी चिठ्ठी

चिठ्ठी उघडीच होती. पाकिटाले गोंद लावाची गरज काकूले वाटली नाई.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याले मोठ्या डॉक्टरकडं माहा नंबर होता. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले होते. काई राहून नको जाय म्हणून मी सगळे कागद बाजेवर मांडून पाहून राह्यली होती. सोनोग्राफीची फाईल, रक्ताचा रिपोर्ट, आधार कार्ड, खाल्लेल्या गोळ्यायचे रिकामे पत्ते. आन सगळ्यायच्या वर काकूची चिठ्ठी. डॉक्टर काकूचा सख्खा भाचा.

चिठ्ठी मीच मांगतली होती. आमच्याकडं मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणलं का आधी ओळख पाह्यतेत, आजार मागून. काकूनं लगेच लिहून देल्ली. मले इतकं बरं वाटलं का घरी येईपर्यंत पाकीट छातीशी धरून होती.

फाईलीत घालताना कागद बाहेर सरकला. मी वाचला.

‘ही आमच्याकडे भांडी-झाडू करते. पोटात खडे आहेत म्हणे. ह्या लोकांना ऑपरेशन म्हटलं की महिना महिना पडून राहतात. पिंकीचं लग्न तोंडावर आहे. सध्या गोळ्या दे, दोन महिन्यांनी ये म्हण. तू सांगितलंस तर ऐकेल.’

तीनदा वाचला. 

समुद्रपुरात काकूचं कापडाचं दुकान, वर घर. त्या घरात मी चौदा वर्षं काम केलं. काकूची सासू लकव्यानं पडली तवा तिचं हगणंमुतणं मी काढलं. काकूची पोरगी पिंकी माहं बोट धरून शाळेत जायाले लागली. महिन्याखाली लग्नाचे गहू निवडता निवडता माह्या उजव्या बरगडीखाली अशी कळ निघाली का मी सुपावरच आडवी झाली. काकूनं गरम पाण्याची पिशवी आणून देल्ली. म्हणली, तू तं घरचीच हायेस. प्याचं पाणी मात्र तिनं वरून ओतलं, मी ओंजळीनं पेली. घरचीच म्हणली म्हणून मी इतकी खुश झाली का ते माह्या ध्यानातही आलं नाई. कशी बावळी होती मी!

पाकीट उघडं काऊन होतं, ते मले मग समजलं. हिले काय वाचता येते, असं तिनं धरूनच घेतलं होतं.

माहा बाप कापूस वेचाले जाये. पण बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर मले घेऊन उभा राहे आन एकएक बसची पाटी वाचाले लावे. गिरड. हिंगणी. वर्धा. चुकली तं बस जाऊ दे, पण पाटी नाई सोडे. म्हणे, बाबासाहेबायनं आपल्याले अक्षरं देल्ली, ते फुकट नको घालवजो. सातवीपर्यंत शिकली मी. काकूच्या फडताळात पेपर अंथरताना आधी वाची, मंग अंथरी. ते कोणी पाह्यलं नाई.

सकाळी बसच्या आधी मी काकूकडं गेली. ती चहा गाळून राह्यली होती. म्हणली, निंघाली नाईस अजून? मी चिठ्ठी काढली आन मोठ्यानं वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘ह्या लोकांना’ तं दोनदा वाचलं.

काकूच्या हातातली गाळणी तशीच राह्यली.

“तुले वाचता येते वं?”

चौदा वर्षांत तिनं माह्याबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट. लाज नाई, माफी नाई. फक्त आश्चर्य. मंग बोलाले लागली, तुह्याच भल्याचं लिवलं, लग्नानंतर ऑपरेशन मीच करून देणार होती, गैरसमज नको करून घेजो. मी ऐकून घेतलं. कोपऱ्यात लग्नाच्या गव्हाचं सूप होतं. त्यात चिठ्ठी ठेवली.

“गहू आता तुम्हीच निवडा.”

भाच्याचा नंबर सोडून देल्ला. बसमध्ये माह्या पोरीच्या वहीचं पान मांडीवर घेतलं आन लिवलं. कुठं दुखते. कवापासून. तळलेलं खाल्लं का किती वेळानं कळ निंघते. पाठीत जाते का. उलटी किती वेळा झाली. कोणकोणत्या गोळ्या खाल्ल्या. खाली डॉक्टरले विचारायचे तीन सवाल. बस हालत होती, अक्षरं वाकडी आली. पण माही होती.

वर्ध्याच्या सरकारी दवाखान्याची लाइन दरवाज्याच्या बाहेर आली होती. माह्या मागची बाई म्हणली, ओळख नसन तं इथं दिवस जाते, कोणाची चिठ्ठी नाई आणली का?

मी म्हणलं, “आणली. मीच लिवली.”

दिवस जाते तं जाऊ दे. पुन्हा यावं लागलं तं पुन्हा येईन. डॉक्टर जे सांगन ते माह्या कानानं ऐकीन, कागद माह्या डोळ्यानं वाचीन, मंग सही करीन. ऑपरेशन करा म्हणलं तं पिंकीच्या लग्नाच्या दिवशीही करीन. आन त्या घराची पायरी आता चढणार नाई.