झोपेची गोळी

परवा आईच्या कपाळाला बाम चोळताना त्या वासासरशी शहाडच्या औषधाच्या दुकानातली एक दुपार आठवली. मी तिथे फार्मासिस्ट होते. समोरच्या इमारतीतले सावंत आले, अंगाला असाच बामाचा वास, डोळे लाल.

“मॅडम, झोपेच्या गोळ्या द्या ना, आईसाठी. परवापासून रात्रभर ओरडतेय.”

“चिठ्ठीशिवाय नाही देता येणार. आणि अचानक असं का करतायत, ते डॉक्टरांना बघू दे आधी.”

“तुमचं काय जातंय सांगायला!” म्हणत ते तरातरा निघून गेले.

दोन दिवसांनी चिठ्ठी घेऊन आले. आईला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. दुखत होतं, पण स्मृतिभ्रंशामुळे तिला सांगता येत नव्हतं. झोपेच्या गोळीने ती नुसती गप्प झाली असती.

आपलं बरोबर ठरलं, याचंच तेव्हा मला समाधान वाटलं होतं. आजही मी नाहीच म्हणेन. पण आता माझी आई रात्ररात्र जागी असते, तिच्यासोबत मीही. आणि आठवतं ते एवढंच, की मी अँटिबायोटिक काढून आणेपर्यंत सावंत काउंटरवर डोकं टेकून उभ्याउभ्या झोपले होते.