चांदीपुढची वैरण

भानामती, करणी, अंगात येणं... या सगळ्याच्या विरोधातली पत्रकं मी शाळेच्या सुट्टीत घरोघर वाटली आहेत. बाबा चळवळीतले. राजारामपुरीतल्या आमच्या घरात पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्यापुढे पत्रकांचा गठ्ठा यायचा, घड्या घालायला. त्याच घरातली मी आज असलं काही लिहितेय, हे मलाच पटत नाही. पण लिहायला हवं. कारण यात जे न उलगडलेलं आहे, त्याहून मोठी माझी चूक आहे.

राधानगरीजवळच्या गावाहून आत्या आमच्याकडे राहायला आली, ती उजवी बाजू लुळी पडल्यावर. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालता ठेवा. व्यायामाचा तिला कंटाळा, म्हणून मी कॉम्प्युटरवर शेतीचा एक गेम घेऊन दिला. पहिल्याच दिवशी गेममधल्या गाईची धार काढून झाल्यावर म्हणाली, "लाथ मारत न्हाय, ही कसली गं गाय?"

पण रमली. दीड वर्षात तिनं विहीर, गोठा, भाताची खाचरं उभी केली. गाईचं नाव ठेवलं चांदी.

गेमला कुलूप होतं. इंटरनेटवरून कंपनीची परवानगी आल्याशिवाय तो उघडायचाच नाही. नेट गेलं की आत्या ताटकळायची. "शेत आपलं आन् दुसऱ्याला इचारून आत जायाचं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. वस्तू विकत घ्यायची आपण आणि किल्ली दुकानदाराच्या कनवटीला! मी तोच गेम, बिनकुलपाचा, दुसरीकडून विकत घेतला. त्याची फाइल सुट्या हार्ड डिस्कवर उतरवून लोखंडी कपाटात ठेवली. आणि जुन्या कंपनीकडचं खातं निषेध म्हणून कायमचं बंद केलं — खरमरीत पत्र लिहून.

गेम वाचवला, शेत वाचवायचं राहिलं. आत्याचं दीड वर्ष त्या खात्यात, कंपनीच्या सर्व्हरवर साठलेलं होतं. खात्याबरोबर तेही गेलं. तसा इशारा स्क्रीनवर आला होता. मी तो न वाचताच 'होय' दाबलं.

आत्यानं विचारलं, "माझं शेत कुठाय?"

मी म्हणाले, "कंपनीनं पुसलं."

तिथंच थांबले असते तरी... पण मी याच मासिकात त्यावर लेख लिहिला. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शाबासकीची पत्रं पाठवली. मी ती आत्याला वाचूनही दाखवली. ती ऐकायची, डावा हात मांडीवर ठेवून. नव्यानं शेत करायला मात्र ती तयार झाली नाही.

चार महिने गेले. एका रविवारी दुपारी मैत्रिणीला गेमची कॉपी हवी होती, म्हणून डिस्क बाहेर काढली. चालते का बघावं म्हणून जुन्या लॅपटॉपवर गेम टाकला. हा लॅपटॉप मी आदल्या दिवशीच फॉरमॅट केला होता, त्यानंतर नेटला जोडलेलाच नव्हता. अशा कोऱ्या गेममध्ये 'पुढे चालू' हे बटण दाबता येत नाही, मागे काही नसतंच ना.

ते बटण उजळलेलं होतं.

दाबलं. आत्याचं शेत. तीच विहीर, तोच गोठा. पण गेमच्या कॅलेंडरात दोन पावसाळे पुढे सरकले होते. भात कापून रचलेला. चांदीला वासरू. आणि तिच्यापुढे ताजी वैरण — जी या गेममध्ये खेळणाऱ्याला रोज स्वतः घालावी लागते.

मी आत्याला हाताला धरून आणलं. ती स्क्रीनजवळ वाकली.

"चांदी माझी हाय. पर शेत मी केल्यालं न्हाय."

"असं काय करतेस? विहीर बघ की तुझी."

"कापल्याल्या भाताच्या ओळी बघ. दोरी लावल्यागत सरळ. माझ्या डाव्या हातानं कवा सरळ ओळ आली? कुणीतरी राखलंय हे." मग माझ्याकडे वळून, "कंपनीनं माघारी दिलं व्हय?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"आत्या, कंपनीनं नेलंच नव्हतं. मी पुसलं. न वाचता."

ती आपल्या डाव्या हाताकडे बघू लागली. "मला वाटलं, ह्या मेल्यानंच कायतरी दाबलं. आन् तू मला झाकायला कंपनीचं नाव घ्यालीयास. म्हणून चार म्हैनं ह्याला कामाला लावला न्हाय."

मी माउस तिच्या डाव्या हाताकडे सरकवला.

"खोटं छापलंस तितंच खरं छाप," ती म्हणाली. "तवर ज्यानं राखलंय त्यो राखंल. मग मी हात लावीन."

कॉम्प्युटरमधल्या जाणत्यांना विचारलं. म्हणाले, जुनी फाइल कुठंतरी राहिली असेल. राहिली असेलही... पण मग दोन पावसाळे? वासरू? डिस्कवर एकच फाइल होती, ती मी पुन्हा पुन्हा तपासली. लॅपटॉप त्या दिवशी मिटला, तो उघडायचा धीर मला झालेला नाही.

संपादकांना एकच विनंती. जागा कमी पडली तर गाईचं, वासराचं, बटणाचं सगळं कापा. खातं मी बंद केलं, इशारा मी वाचला नाही आणि आत्याशी मी खोटं बोलले — एवढं मात्र राहू द्या.