अडवणाऱ्याचं सोनेरी हेल्मेट

दादाला त्या शुक्रवारी सकाळी कुणी अडवलं का नाही?

हे मी सगळ्यांना विचारलं. वानखडेभाऊंना, पाटणकर काकांना, एकदा तर समुद्रालासुद्धा. उत्तराऐवजी किस्से मिळाले. बहारीनमध्ये, नईम भागातल्या आमच्या खोलीत जो येतो तो दाराशी चपला सोडतो, तसा दादाचा एक किस्साही सोडून जातो. जाताना चपला घालतो, किस्सा तिथंच राहतो. आता खोलीत पाय ठेवायला जागा नाही. म्हणून थोडे तुम्हाला सांगतो.

*

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सिद्धार्थ. एसी मेकॅनिक. गावाकडे, अकोल्याच्या बाजूला, तो कबड्डीत उजवा कोपरा सांभाळायचा. आमच्याकडच्या सामन्यांत चांगली चढाई करणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ मिळायचं आणि चांगली पकड करणाऱ्याला टॉवेल. दादाकडे टॉवेलच टॉवेल! बहारीनला येताना बॅग टॉवेलांनीच भरली होती.

इथे एकदा तो एका शाळेच्या गच्चीवर एसी दुरुस्त करत होता. खाली मैदानात अमेरिकन पोरं हेल्मेट घालून, त्यांचा तो बॉल हातात घेऊन पळायचा फुटबॉल खेळत, एकमेकांवर आदळत होती. दादाला खेळ काही कळत नव्हता. पण एक पोरगा बॉल घेऊन सुटला आणि अडवणारा नुसताच त्याच्या खांद्याला लोंबकळत गेला, हे त्याला बघवेना. गच्चीवरून ओरडला, "अबे, पाय धर त्याचा! पाय!"

मैदान थांबलं. कोचने त्याला खाली बोलावलं. दादाला वाटलं, नोकरी खलास. कोच म्हणाला, "शो मी."

दादाने दाखवलं. कोच गवतावर आडवा! आणि तिथूनच हसत म्हणाला, "अगेन!"

त्या संध्याकाळी दादा जिना चढत नव्हता, तरंगत होता. "छोट्या, तिकडं अडवणाऱ्याला वर्षाचं बक्षीस असते! डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर! सूट घालून स्टेजवर जाते तो, माय समोर बसते... अन् टॉवेल देत नाहीत रे!"

*

तो सोहळा अमेरिकेत गुरुवारी रात्री असतो. आपल्याकडे तेव्हा शुक्रवार उजाडलेला, म्हणजे सुट्टी. दादा अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसायचा. वरच्या मजल्यावरचे पाटणकर काका इंग्रजी समजावून सांगायला खाली यायचे. काका पुण्याचे, एका कंपनीत अकाउंटंट. सोबत त्यांची मुलगी सई. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

एकदा तिने दादाला विचारलं, "व्हॉट वॉज युअर पोझिशन?"

"उजवा कोपरा."

"ओह! कॉर्नरबॅक!"

त्यांच्या खेळातही कोपऱ्यातला अडवणारा असतो म्हणे. दादाने तो शब्द दिवसभर तोंडात गोळीसारखा घोळवला.

त्या वर्षीचा विजेता दारात मावणार नाही एवढा होता. माइक धरला, आईचं नाव घेतलं आणि रडायलाच लागला. काका म्हणाले, "तो म्हणतोय की..." दादाने त्यांना हाताने थांबवलं. "कळलं काका. एवढ्या लोकांना पाडते, अन् मायचं नाव निघालं की सोताच पडला."

इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. एवढे टॉवेल असून!

*

मग दादाने आमचंही बक्षीस काढलं. साइटवरचं जुनं हेल्मेट, त्यावर सोनेरी स्प्रे. वर्षभरात ज्याने काही वाईट व्हायच्या आत अडवलं, त्याला ते मिळणार. परीक्षक दादा. विजेत्याने हेल्मेट घालून दारात स्टुलावर बसायचं आणि चहा घेतल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडायचं नाही. हा नियम.

पहिलं बक्षीस वानखडेभाऊंना. ते आमच्याच खोलीत राहतात, ड्रायव्हर आहेत. पाटणकर काका एकदा बॉसवर भडकून आमच्या खोलीत लॅपटॉप घेऊन आले आणि राजीनामा लिहायला बसले. शेवटची ओळ झाली, बोट बटणावर गेलं, तेवढ्यात वानखडेभाऊंनी वायफायची वायरच उपटली! दादा खाटेवरून उडालाच. "सॅक! क्वार्टरबॅक आडवा!" म्हणजे बॉल फेकणाऱ्याला फेकायच्या आतच पाडला.

काका त्याच कंपनीत आहेत. मध्ये त्यांना बढतीही मिळाली. ते आता वानखडेभाऊंना दिवाळीला फराळ पाठवतात आणि डब्यावर लिहितात, 'वायरसाठी'.

*

दुसऱ्या वर्षी काकांनीच दावा ठोकला. आईने आमच्यासाठी ठेचा आणि खारोड्या पाठवल्या होत्या, अरादला राहणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर. ते लोक तो डबा चुकून दुसऱ्याच कुणाला देत होते. काका नेमके तिथं पोचले आणि त्यांनी डबा मधल्या मध्ये पकडला. बसने परत येऊन दारातूनच ओरडले, "इंटरसेप्शन!"

दादाने डबा उघडला. अर्धा रिकामा.

"काका?"

"अरे, बस फार हळू चालवत होता तो!"

दादाने हेल्मेट परत खुंटीला अडकवलं. "पकडलेला बॉल खायचा नसते, काका!"

*

एकदा मी फोरमनशी भांडून बॅग भरली. माझं तसंच आहे, आधी हात चालतो, मग डोकं. शाळाही मी अशीच सोडली होती. दादा उठला. टॉवेल कमरेला गुंडाळून दारात गेला, गुडघे वाकवले, हात पसरले.

"चढाई कर. निघून दाखव."

मी बॅग घेऊन उजवीकडून गेलो. पडलो. डावीकडून गेलो. पडलो. मग बॅग टाकून नुसताच गेलो, तेव्हा पाडलं नाही त्याने. धरून ठेवलं.

"आता चहा घे," म्हणाला. "मंग जायचं तं जा."

चहा झाल्यावर कशाला जायचं होतं तेच आठवेना.

वानखडेभाऊ म्हणाले, "सिद्धू, यंदा हेल्मेट तुलेच!"

"परीक्षकाले बक्षीस नसते," दादा म्हणाला.

*

यंदा जानेवारीत, एका शुक्रवारी, कुणाच्या तरी घरचं हीटिंग बंद पडलं. घरात म्हातारी बाई होती. सुट्टी असून दादा गेला. आम्ही सगळे झोपलो होतो. काम झालं, आणि तो त्यांच्याच जिन्यात छातीवर हात ठेवून बसला तो बसलाच.

आमच्यासाठी थर्मासमध्ये गरम चहा करून ठेवला होता. त्याचा स्टीलचा कप मात्र पालथा, कोरडा.

पुढे सोहळ्याचा शुक्रवार आला. हेल्मेट दादाच्या खाटेवर. काका म्हणाले, "सिद्धूला देऊ या." वानखडेभाऊ म्हणाले, "परीक्षकाले नसते. त्याचाच नियम." मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"छोट्या," काका म्हणाले, "तू गाडी अडवलीस."

"गेलीच ना पण ती."

"लगेच नाही गेली."

मी हेल्मेट अजून घातलेलं नाही. काय झालं ते सांगतो, तुम्हीच ठरवा.

*

दादाला गावाकडे न्यायच्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या आवारात सकाळचं धुकं होतं. समुद्र दिसत नव्हता, पण असल्यासारखा वाटत होता. वानखडेभाऊंनी त्रिसरण म्हटलं. दादाची पेटी गाडीत गेली. बहारीनी ड्रायव्हर, पांढऱ्या दाढीचा, दार लावून पुढे जाऊन बसला आणि किल्ली फिरवली.

मी गाडीपुढे जाऊन उभा राहिलो. गुडघे वाकवले, हात पसरले.

"छोट्या, काहून रे!" वानखडेभाऊ ओरडले. "विमान आहे तुमचं!"

"त्याने चहा नाही घेतला."

मग पाटणकर काका आले. जन्मात कॅरमशिवाय काही खेळले नाहीत. त्यांनी माझा डावा हात पकडला. त्यांचा हात वानखडेभाऊंनी पकडला, वानखडेभाऊंचा सईने. साखळी झाली.

ड्रायव्हरने काच खाली केली. "यल्ला?" निघू या का, एवढंच. अगदी हळू.

काका म्हणाले, "वन टी, प्लीज. फॉर हिम."

त्याने आमच्याकडे पाहिलं आणि किल्ली उलटी फिरवली. गाडी गप्प झाली.

सईच्या आईने, काकूंनी, चहाचा थर्मास आणला. दादाचा कप सकाळपासून माझ्या जॅकेटच्या खिशात होता. त्यात चहा ओतून तो मी गाडीच्या मागच्या पायरीवर ठेवला आणि परत माझ्या जागेवर आलो, उजव्या कोपऱ्यात.

आम्ही हात धरून उभे होतो. चहाची वाफ धुक्यात जात होती. ड्रायव्हर टोपी काढून खाली उतरला होता.

वाफ थांबली.

मी हात सोडला.