मिलिंदची अर्धी डिस्क

मिलिंद गेला, हे मला त्याच्याच नंबरवरून कळलं. फोनवर त्याचं नाव बघून मी नेहमीसारखं म्हणालो, "बोल की गड्या, आज कुणाचा कॉम्प्युटर मोडलास?" पलीकडून सुजातावहिनींचा आवाज आला... "भावजी, ह्ये गेलं ओ." हृदयविकाराचा झटका. दवाखाना गाठेपर्यंतही वेळ मिळाला नाही. तेव्हापासून मी कामाला बसतो खरा, पण काम उरकत नाही. राग येतो, आणि रागापेक्षा जास्त थकवा येतो.

तो वारणानगरला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि माझं राजारामपुरीत छपाईची पानं जुळवून द्यायचं दुकान. माझे जुने मराठी फॉन्ट विंडोजवरच चालायचे, तर मिलिंदला विंडोजच्या जागी चालणाऱ्या त्या लिनक्सशिवाय काही गोड लागायचं नाही. "एकाच डिस्कवर दोन्ही नांदवू की," म्हणत त्यानं शेताची वाटणी करावी तशी माझ्या डिस्कची वाटणी केली. पुढं बांधावरून भांडणं सुरू झाली आणि माझे त्याला फोन. एकदा विंडोजमध्ये लिनक्सकडचा सगळा भाग रिकामा दिसायला लागला, मी लगेच फोन लावला. मिलिंद म्हणाला, "आधी कीबोर्डवरनं हात मागं घे. रिकामं न्हाय ते. विंडोजला त्यातलं वाचता येत न्हाय, म्हणून ते रिकामं म्हणतंय." मग एकेक पायरी सांगत बसायचा. मला कंटाळा यायचा, त्याला कधी आला नाही.

त्याच्या आईंना लिहिता येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या त्या स्वतः रचायच्या, बऱ्याचशा बाबासाहेबांवरच्या. म्हातारपणी त्यांचा आवाज थकत चालला तेव्हा मिलिंदनं घरीच बसून त्या आपल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या. दुसरी प्रत काढून ठेव, असं मी कितीदा सांगितलं असेल. गावभर बॅकअपचा उपदेश करत फिरणारा हा गडी "काढतो की" म्हणून विषय बदलायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. आई गेल्या, आणि मग तोही गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. त्यांच्या कॉम्प्युटरवरही दोन्ही नांदत होती. सुरू करताना कुठलं उघडायचं ते निवडायला पडद्यावर यादी यायची, आणि त्या यादीत मिलिंदनं हौसेनं नावं घातली होती : लिनक्सला त्याचं, विंडोजला वहिनींचं. विंडोजचं अपडेट झालं आणि यादी गायब, थेट विंडोजच उघडायला लागलं. दुरुस्तीवाला येऊन बसला होता. "अर्धी डिस्क रिकामी हाय म्हणतोय त्यो. पुसून माझ्या विंडोजमध्ये मिळवू का, इचारतोय. मग आईंच्या ओव्या कुठं हाईत, भावजी?"

"आधी त्याला हात मागं घ्यायला सांगा," मी म्हणालो. वाक्य माझं नव्हतं.

गेलो. अंगात त्राण नव्हतं आणि अडलं तर विचारायला आता कुणी नव्हतं, याची भीती वाटत होती. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, तो 'रिकामा' भाग उघडला... ओव्या जिथल्या तिथं होत्या. मला रडूच आलं. आधी त्यांच्या दोन प्रती काढल्या, मग ती यादी परत आणली.

यादीत मिलिंदचं नाव वर, वहिनींचं खाली. काही दाबलं नाही तर वरचंच सुरू होतं, आणि वहिनींच्या शिवणक्लासचं सगळं काम तर विंडोजवर. म्हणून मी विचारलं, "वहिनी, तुमचं नाव वर घेऊ का? रोजचा ताप वाचेल."



"नको," म्हणाल्या. "त्यांचंच वर ऱ्हाऊ द्या. मी खाली येऊन माझं उघडीन. तेवढंच रोज एकदा त्यांच्या नावावरनं जाणं व्हतंय."