पाच वॅटची सुई

"आधी ती तार सोड, मग बोल."

"सोडून कपडे काय डोक्यावर वाळत घालू?"

भिमाजी गच्चीच्या जिन्यात उभा होता आणि साळूबाई ओल्या धुण्याची बादली कमरेला लावून त्याच्या एक पायरी वर. सकाळच्या चहापासून हेच चाललं होतं. खाली ओसरीवर शेंगा फोडणाऱ्या कोंडाबाईंनी सुनेची बाजू घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"साळू, नवरा सांगतोय तर सोड की. वायरलेसचे दोन सेट जळाले, आता तिसरा जाळतीस का?"

"आत्याबाई, सेट मी जाळला न्हाई."

हे वाक्य ती दिवाळीपासून म्हणत होती. आता त्यात जोर राहिला नव्हता.

अठ्ठ्याण्णव सालचा हंगाम होता. साखर कारखान्याचं डिंगोरे गावातलं वायरलेस भिमाजीच्या घरात, बाहेरच्या खोलीत होतं. कारखान्यानं गच्चीवर खांब उभारून अँटेना लावली होती आणि भिमाजीला ऑपरेटर म्हणून घेतलं होतं. पण ऑपरेटर दिवसभर ऊसतोडीच्या फडावर. सेटशी बसायची ती साळूबाई. कोणत्या टोळीला गाडी नाही, कुठं ट्रॅक्टर रुतला, कुणाचा ऊस तोडून वाळत पडलाय, हे सगळं ती पिठाचे हात पदराला पुसून कारखान्याला सांगायची. "डिंगोरे बोलतंय" हा तिचा आवाज कारखान्याच्या सगळ्या गट-ऑफिसांना नऊ वर्षं पाठ होता. हजेरीपटावर तिचं नाव कुठंच नव्हतं, आणि असावं असं तिला फारसं वाटलंही नव्हतं.

वाटलं ते त्या कागदामुळं. दुसरा सेट जळाल्यावर भिमाजीनं कारखान्याला लेखी कारण कळवलं होतं. कार्बनची प्रत सेटखालीच पडलेली. "घरातील महिलेने अँटेनाच्या खांबास कपडे वाळविण्याची तार बांधल्यामुळे बिघाड." साहेबांनी निरोप दिला, तिसरा सेट गेला तर स्टेशन ओतूरला हलवू. त्या दिवसापासून वायरलेसवर कुणी ना कुणी विचारायचंच, "वहिनी, आज धुणं काढलंय का?" मग दुसऱ्या गटातून हसू. कोंडाबाईंनी तर गिरणीत दळणाच्या रांगेतही सांगून टाकलं होतं. स्टेशन जाईल, राहील. साळूबाईला सलत होता तो तारेचा आळ.

"आता मीटर लावतो," भिमाजी म्हणाला. "तुझ्यासमोर लावतो. बघ तूच."

खोलीत येऊन त्यानं केबलच्या मध्ये मीटर जोडलं. वर अँटेनाला पाठवलेल्या ताकदीतलं परत किती येतं, ते हे मीटर सांगायचं. एकाच्या जवळपास सुई राहिली तर बरं. तीनवर गेली तर परत आलेली ताकद सेटलाच जाळणार. भिमाजीनं सेटचं बटण पाच वॅटवर, कमी ताकदीला ठेवलं, बोलायची कळ दाबली, सुई लाल रेघेला आणून टेकवली, मग मीटरचं बटण परतीच्या बाजूला टाकलं. एक पूर्णांक तीन दशांश. कळ सोडली. सगळं मिळून दहा मोजायच्या आत.

"चांगलं आहे. म्हंजे आत्ता तारेवर कपडे न्हाईत म्हणून चांगलं."

"काल बारा लुगडी व्हती तवाबी तुमी एवढंच वाचलं."

भिमाजी मीटरची काच पुसायला लागला.

"पंचवीसवर बघा की. मी बोलते ते पंचवीसवर. तुमी बघता पाचवर."

"अगं, रेशो आहे तो, गेल्या-आल्याचं प्रमाण. ताकद वाढवली म्हणून बदलत नसतो. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. हळू बोललं काय, वरडून बोललं काय, तोंड तेच ऱ्हातं."

"तोंड तेच, पण दात हालत असला तर? हळू बोलताना कळत न्हाई. कडक भाकरी चावली की कळतं." ती बादली ठेवून उंबऱ्यावर बसली. पाय दुखत होते. "माझी पहिली चार वाक्यं नीट जात्यात. मग समोरचा म्हणतो, डिंगोरे, आवाज तुटतोय. रोज. तुमी कधी चार वाक्यं बोललाय का त्याच्यावर?"

पंचवीसवर मीटर न लावायचं खरं कारण वेगळंच होतं. पंचवीसवर बराच वेळ कळ दाबली की शेजारच्या सुंदरबाईंच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या, आणि बाई भिंतीवरून "भिमाजीभाऊ, अहो आमची मालिका!" असं ओरडायच्या. साळूबाई कामाचं दोन मिनिटांत उरकायची. भिमाजीला मात्र त्या हाकेची लाज. म्हणून नऊ वर्षं चाचणी पाचवर.

"दोनला लाईट जाणार हाय," साळूबाई म्हणाली. "गावात एक टीव्ही चालू नसंल. सेट बॅटरीवर चालतोच. तवा बघा."

दोनला लाईट गेली. भिमाजीनं कुरकुरत पंचवीसवर बटण फिरवलं. सुई पुन्हा लाल रेघेला लावून घेतली, कारण ताकद बदलली की ती नव्यानं लावावी लागते. मग वाचलं. एक पूर्णांक चार दशांश.

"बघ!"

"कळ सोडू नका."

तो दाबून बसला. सुई दीडवर गेली. मग दोनवर, कुणी मागून ढकलल्यासारखी. तीनच्या पुढं सरकली तेव्हा त्यानं घाबरून कळ सोडली. पाचवर आणून पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा एक पूर्णांक तीन दशांश, जसं काही झालंच नाही.

गच्चीवर खांबाच्या बुडाशी केबलचा जोड होता. भिमाजीनं वरची काळी पट्टी चाकूनं सोलली. आतून पाणी ओघळलं. कनेक्टर हिरवा पडलेला, कथलाचा डाग सुटून मधली तार नुसती टेकलेली, आणि सगळं हाताला चटका बसेल इतकं गरम. कमी ताकदीला ते टेकणं पुरत होतं. जास्त ताकद गेली की तापून सुटत होतं. तारेवर साळूबाईनं मघाशीच कपडे घातले होते. ते वाऱ्यावर हलत होते.

ती पट्टी गेल्या पावसाळ्याआधी भिमाजीनंच गुंडाळली होती. दोघांनाही ते आठवत होतं.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवा कनेक्टर डाग देऊन बसवला. तारेवर कपडे तसेच असताना पंचवीसवर सुई हललीसुद्धा नाही. तो खुशीत ओसरीवर येऊन बसला.

"आता दुसरा कागद पाठवा," साळूबाई म्हणाली.

"कशाला? झालं की नीट. साहेब म्हणतील, एवढे दिवस काय करत व्हता? आणि तुझं नाव कुठं लिवलंय मी? महिला लिवलंय."

"घरात महिला किती हायत?"

"माझ्याकडं बघू नको," कोंडाबाई म्हणाल्या. "मी कधी खांबाला हातबी लावला न्हाई."

भिमाजी हसला. साळूबाई हसली नाही. रागही आला नाही तिला. नुसतं थकल्यासारखं वाटलं. तिनं ताटं मांडली, दोघांना वाढलं, आणि मग उभ्यानंच सांगितलं.

"उद्या सकाळच्या नऊच्या कॉलला मी बोलणार हाय. सगळे गट ऐकत असत्यात. जोड सडला व्हता, तारेनं काय झालं न्हाई, एवढंच सांगणार. आणि ते सांगून झालं की सेटवर बसायचं मी बंद करणार हाय. कोण बसायचं ते तुमी दोघं ठरवा."